बारदान : सुरतेच्या वेष्टनांचा इतिहास

'बारदान' हा शब्द सुरतेच्या बाजारात गुजराती व्यापारी, मारवाडी आडत्या आणि खानदेशी हमाल सारख्याच सहजतेने उच्चारतात, आणि मुळात तो तिघांपैकी कोणाचाच नाही. तो फारसीतून आला. 'बार' म्हणजे ओझे आणि 'दान' म्हणजे ठेवण्याचे पात्र. पानदान, फुलदाणी, अत्तरदाणी ह्या शब्दांत दिसणारा प्रत्यय तो हाच. ज्यात ओझे ठेवावयाचे ते बारदान. पुढे पोते, खोके, डबा, पेंढा, सुतळी असे जे जे मालाभोवती असते पण माल नव्हे, त्या सर्वांस हा एकच शब्द लागू झाला. तराजूत पडलेल्या वजनातून बारदान वजा करावे, म्हणजे निव्वळ माल हाती लागतो.

आज पर्यावरणाची चाड असलेले व्यापारी व कारखानदार ह्या बारदानाचाच विचार करू लागले आहेत. माल कशात बांधावा? प्लास्टिकात, कागदात, तागात की कापडात? ह्या प्रश्नाची चर्चा बहुधा रसायनशास्त्राच्या अंगाने होते. कोणता पदार्थ किती दिवसांत कुजतो आणि कोणता कुजत नाही, एवढ्यावर निर्णय दिला जातो. ही चर्चा आवश्यकच आहे. परंतु आमच्या मते ह्या प्रश्नास एक ऐतिहासिक अंगही आहे, आणि ते सुरतेत जितके स्पष्ट दिसते तितके फार थोड्या शहरांत दिसेल. चारशे वर्षांहून अधिक काळ ह्या शहरातून माल बांधून बाहेर जात आहे.

आम्ही जेथे राहतो ते नवागाम सुरतेच्या आग्नेय अंगास, दिंडोलीला लागून आहे. उधन्याहून जळगावकडे जाणारा लोहमार्ग येथून जवळच. जळगाव, धुळे आणि नंदुरबार ह्या जिल्ह्यांतून मागावर व गिरणीत कामाला आलेली मराठी कुटुंबे ह्या भागात एवढी आहेत की गल्लीत अहिराणी ऐकू येणे ही येथे नवलाची गोष्ट नाही. पुरुष मागावर जातात. घरी स्त्रिया साड्यांना लेस लावतात, खडे चिकटवतात, सुटलेले धागे कापतात, घड्या घालून साड्या पारदर्शक वेष्टनात भरतात. म्हणजे वेष्टनाचा प्रश्न आमच्या वस्तीत ओसरीवर बसलेला आहे.

प्रथम भाषेकडे वळू, कारण वस्तू नाहीशा झाल्या तरी त्यांचे शब्द मागे राहतात. 'पुडा' आणि 'पुडी' ही रूपे संस्कृत 'पुट' ह्यापासून आली. पुट म्हणजे पानाचा द्रोण किंवा खोलगट घडी. वाण्याने कागदात बांधून दिलेली साखरेची पुडी तिच्या नावात अद्याप पान बाळगून आहे. 'करंडी' ही 'करंड' ह्या वेताबांबूच्या पात्राची वंशज. 'गाठोडे' गाठीपासून झाले आणि गाठ 'ग्रंथि'पासून. ज्या धातूपासून ग्रंथि, त्याच धातूपासून ग्रंथ. सुटी पाने बांधून ठेवली म्हणजे ग्रंथ झाला. त्या ग्रंथाभोवती गुंडाळावयाचे कापड ते 'बासन', आणि एखादे प्रकरण 'बासनात गुंडाळले' असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या नकळत एका जुन्या वेष्टनाचा उल्लेख करीत असतो. आम्हांस सर्वांत मौजेचा वाटतो तो 'धडा' हा शब्द. मुलांना धडा शिकविणारे आम्ही शिक्षक बहुधा विसरून जातो की दुकानदाराचा धडा निराळा होता. तेल घेण्यास आलेल्या गिऱ्हाइकाचे रिकामे भांडे एका पारड्यात ठेवावयाचे, दुसऱ्या पारड्यात त्याच्या तोलाचे दगड किंवा वजने टाकावयाची, आणि असा धडा करून झाल्यावर मग तेल मोजावयाचे. ह्या एका शब्दात एक संपूर्ण व्यवहारपद्धती साठविलेली आहे. भांडे गिऱ्हाइकाचे असे. ते रिकामे येई आणि भरून घरी जाई. वेष्टन विकत घेण्याची कल्पनाच त्या व्यवहारात नव्हती.

आता सुरतेच्या वाटेवर येऊ. मोगल काळात बुऱ्हाणपुराहून खानदेशातून, नंदुरबार-नवापुरावरून सुरतेस येणारा मार्ग हा पश्चिम हिंदुस्थानातील प्रमुख व्यापारी मार्गांपैकी एक होता. त्यावरून गाड्या जात, उंट जात, आणि वंजाऱ्यांचे तांडे जात. पीटर मंडी ह्या इंग्रज प्रवाशाने १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात चौदा हजार बैलांचा धान्याचा तांडा पाहिल्याची नोंद करून ठेवली आहे. एवढा माल वाहून नेणारे साधन म्हणजे गोण. जाड दोऱ्याची विणलेली, बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना समतोल लोंबणारी ही पिशवी. रात्री तळ पडला म्हणजे गोणी उतरवून रचीत, आणि त्याच थप्पीचा वारा-चोरांपासून आडोसा होई. वंजारी देशावरून धान्य घेऊन किनाऱ्याकडे येई तो त्याच गोणींत मीठ भरून परत फिरे. रिकामी गोण वाहून नेणे म्हणजे बैलाचे श्रम वाया घालविणे. म्हणून गोण सहसा रिकामी राहत नसे. फाटली तर दाभण आणि सुतळी तांड्याबरोबर असेच. इंग्रजी भाषेने 'गनी' हा शब्द आपल्या गोणीपासून उचलला. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या हॉबसन-जॉबसन ह्या कोशात त्याची व्युत्पत्ती देताना मराठीचा स्पष्ट निर्देश आहे. आपल्या भाषेने जगाच्या बाजारास जे थोडे शब्द दिले त्यांत एक पोते आहे, ह्याचा संकोच वाटण्याचे कारण नाही.

बंदरावर मात्र बांधणीचे स्वरूप पालटे. इंग्रजांची वखार सुरतेत १६१३ पासून होती आणि तिच्या पाठोपाठ डचांची झाली. मोठी जहाजे तापीच्या गाळामुळे शहरापर्यंत येऊ शकत नसत. ती सुवाळीच्या खाडीशी नांगरत, आणि माल गाड्यांनी व होड्यांनी तेथवर न्यावा लागे. तेथून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून महिनोन्महिने प्रवास. नीळ, सूत, सुती कापड ह्यांना खारा ओलावा लागू नये म्हणून गासड्या दाबून बांधीत व त्यांवर जाडेभरडे कापड, मेणकापड, गोणपाट असे थर चढवीत. गासडीवर मालकाची खूण रंगवीत. इंग्रज कंपनीची बदामाच्या आकाराची खूण आणि डच कंपनीची एकात एक गुंफलेली अक्षरे इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहेतच. ज्या हमालास एकही लिपी वाचता येत नसे त्याला ह्या खुणा वाचता येत. रिंग रोडच्या बाजारात आजही पार्सलावर काळ्या शाईने 'मार्का' काढतात, त्याचा वंश तेथपर्यंत पोहोचतो.

बांधलेला माल सोडविण्याचे काम जकातखान्याचे. १६६६ च्या जानेवारीत सुरतेस उतरलेल्या थेवनो ह्या फ्रेंच प्रवाशाने येथील जकातीच्या कडक झडतीचे वर्णन केले आहे. त्याच्या दोनच वर्षे आधी, १६६४ च्या जानेवारीत, शिवछत्रपतींनी ह्या शहरावर आपली प्रसिद्ध मोहीम केली होती. त्या लुटीत मुख्यतः सोने, रुपे, मोती आणि जवाहीर नेले गेले. ह्याची इतर कारणे इतिहासकारांनी दिलेलीच आहेत. त्यांत बारदानाच्या अभ्यासकाने आपले एक जोडण्यास हरकत नसावी. जहाजासाठी दाबून बांधलेली गासडी घोड्याच्या पाठीवर चढत नाही.

येथे एक भेद ध्यानात घेणे आम्हांस महत्त्वाचे वाटते. तांड्याची गोण परत येई; जहाजावर चढलेल्या गासडीचे वेष्टन परत येण्याचा प्रश्नच नव्हता. एकदा वापरून विसरावयाचे वेष्टन ही प्लास्टिकने आणलेली रीत आहे असे सरसकट म्हटले जाते, ते खरे नाही. ती लांब पल्ल्याच्या एकमार्गी व्यापाराची रीत होय. फरक एवढाच की सुवाळीहून गेलेले जाडेभरडे कापड जेथे उतरले तेथे कोणाच्या तरी उपयोगी पडण्यासारखे होते, आणि उपयोग संपल्यावर मातीत मिसळून जाणारे होते.

वेष्टन परत येते तेव्हा ते किती टिकते ह्याचे एक उदाहरण इतिहासाच्या शिक्षकांच्या अगदी हाताजवळचे आहे. पेशवे दप्तरातील कागद कापडी चौकोनांत बांधून ठेवीत. त्या चौकोनास 'रुमाल' म्हणतात, आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात कागदांचा संदर्भ आजही रुमालाच्या क्रमांकाने दिला जातो. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनी १९३० पासून चार वर्षांत ह्या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, ते असे असंख्य रुमाल सोडून आणि पुन्हा बांधून. वेष्टन हेच मोजण्याचे परिमाण होऊन बसले, ह्याहून त्याचा मोठा सन्मान कोणता?

एकोणिसाव्या शतकाने ह्या जुन्या व्यवस्थेत यंत्र आणले. १८५५ साली हुगळीकाठच्या रिश्रा ह्या गावी जॉर्ज ऑकलंड ह्याने तागाची पहिली गिरणी काढली. यंत्रे स्कॉटलंडमधील डंडीहून आणली होती. त्याच सुमारास क्रिमियन युद्धामुळे रशियाचा अंबाडीसारखा धागा युरोपास मिळेनासा झाला आणि बंगालच्या तागास जगभर मागणी आली. हातमागावरील गोणपाटाची जागा गिरणीच्या पोत्याने घेतली. खानदेशच्या दृष्टीने ह्या काळातील मोठी घटना म्हणजे १८६१ ते १८६५ चे अमेरिकन यादवी युद्ध. विलायतेच्या गिरण्यांस अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा आमच्या काळ्या मातीतल्या कापसास अपूर्व भाव आला. कापूस दाबण्याचे कारखाने निघाले आणि लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली, गोणपाटात गुंडाळलेली गाठ ही जळगाव-अमळनेरच्या शेतकऱ्यांच्या परिचयाची झाली. पुढे तापीच्या खोऱ्यातून सुरतेपर्यंत आगगाडी आली व जुनी वंजाऱ्यांची वाट रुळांखाली गेली.

तागाचे पोते गिरणीत झाले तरी त्याची किंमत शाबूत राहिली, हे विसरून चालणार नाही. आडत्याच्या पट्टीत हमाली व तोलाईबरोबर बारदानाचा हिशेब असे. रिकाम्या पोत्यांचा स्वतंत्र बाजार होता आणि आहे. तेथे पोती झाडून, निवडून, ठिगळे लावून पुन्हा विकली जातात. नवे पोते धान्याला, जुने झाले की कांद्या-बटाट्याला, मग कोळशाला, आणि शेवटी आमच्या लहानपणी प्रत्येक घराच्या उंबऱ्यापाशी पाय पुसण्यास. अशी पायरी-पायरीने उतरणारी ही आयुष्यरेषा होती. १९४७ च्या फाळणीत ताग पिकविणारा बराचसा मुलूख पूर्व बंगालात गेला आणि गिरण्या कलकत्त्याभोवती राहिल्या, तेव्हा तागाचे मोल सर्वांस नव्याने कळले. पुढे प्लास्टिकच्या विणीव पोत्याशी स्पर्धा असह्य होऊ लागली म्हणून १९८७ मध्ये विशिष्ट मालास तागाचे वेष्टन सक्तीचे करणारा कायदा संसदेने केला. त्याखालील आदेशांनुसार अलीकडच्या वर्षांत सर्व अन्नधान्य आणि साखरेपैकी वीस टक्के तागाच्या पोत्यांत भरणे बंधनकारक आहे. २०२० च्या टाळेबंदीत गिरण्या थांबल्या तेव्हा मात्र सरकारला गव्हाच्या खरेदीसाठी प्लास्टिकच्या पोत्यांस वाट मोकळी करून द्यावी लागली.

प्लास्टिकचा जन्म इंग्लंडातला. १९३३ साली तेथील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत फॉसेट व गिब्सन हे दोघे भलत्याच शोधात असताना पॉलिथिन हाती लागले. हिंदुस्थानात त्याचे उत्पादन १९५९ च्या सुमारास सुरू झाले, ते कोठे? त्याच रिश्रा गावी. ज्या नदीकाठी तागाच्या पहिल्या गिरणीचा भोंगा वाजला होता, तेथेच एका शतकाने तागाचा प्रतिस्पर्धी जन्मास आला. हा निव्वळ योगायोग आहे, पण इतिहास शिकविणाऱ्यास असले योगायोग सोडवत नाहीत. कानांची प्लास्टिकची पिशवी १९६५ मध्ये स्वीडनच्या स्टेन गुस्ताफ थुलिन ह्यांच्या नावे अमेरिकेत नोंदली गेली. कागदी पिशव्यांसाठी झाडे तुटतात, तेव्हा पुनःपुन्हा वापरता येईल अशी हलकी पिशवी असावी, असा वडिलांचा हेतू होता, असे त्यांच्या मुलाने पुढे सांगितले आहे. हेतू आणि परिणाम ह्यांत एवढे अंतर क्वचितच पडले असेल.

व्यापाऱ्याने प्लास्टिक का स्वीकारले, ह्याचा न्यायाने विचार केला पाहिजे. नुसता त्याच्या नावाने बोटे मोडून उपयोग नाही. साडी धूळ खाते, पावसाळ्यात तिला दमट वास लागतो, खडे लावलेली असली तर एकमेकींत अडकते. पारदर्शक वेष्टनात तिचा काठ आणि पदर न उघडता दिसतो. दुकानदाराची शंभर वेळा घडी मोडण्याची कटकट वाचते. वजन जवळजवळ नाही, म्हणून वाहतूक स्वस्त. ह्यातील एकही कारण खोटे नाही. कापसाच्या व्यापारातही गोणपाटाचे निर्दोषत्व सिद्ध झालेले नाही. वेष्टनातील तागाचे आणि प्लास्टिकचे तंतू कापसात मिसळून सूत खराब होते, ही हिंदी कापसाविषयीची जुनी तक्रार आहे, आणि म्हणून गाठींना सुती कापडाचेच वेष्टन घालावे असा सल्ला तज्ज्ञांनी दिलेला आहे. शिवाय आजच्या सुरतेची साडी बहुतांशी पॉलिएस्टरची. ती आणि तिचे वेष्टन ही दोन्ही खनिज तेलाची अपत्ये. थोरली अंगावर मिरवते आणि धाकटे उकिरड्यावर जाते, एवढाच भेद. सुवाळीच्या शेजारी हजिऱ्यास १९९० नंतरच्या दशकात जे प्रचंड कारखाने उभे राहिले तेथे पॉलिएस्टर आणि पॉलिथिन ह्या दोन्हींचे उत्पादन होते. ज्या किनाऱ्यावरून मेणकापडाच्या गासड्या जहाजांवर चढल्या, तेथूनच आता वेष्टनाचा कच्चा माल निघतो.

ह्या स्वस्ताईची किंमत दुसऱ्याच खात्यावर पडली. सुरतेस घाण आणि तुंबलेल्या पाण्याची किंमत सांगावयास नको. १९९४ च्या सप्टेंबरातील प्लेग आणि त्या वेळी शहर सोडून पळालेले लाखो लोक आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे आहेत; त्यानंतर १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव ह्यांच्या कारकिर्दीत शहराची जी साफसफाई झाली तिच्यामुळे सुरतेचे नाव पालटले, आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत व इंदूर ह्यांना पहिला क्रमांक विभागून मिळाला. मुंबईस २६ जुलै २००५ च्या महापुरात गटारे तुंबविणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा जो अनुभव आला, त्यानंतर महाराष्ट्रात निर्बंधांची भाषा कडक होत गेली. २०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिक व थर्मोकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी जाहीर केली. केंद्राच्या नियमांनी पिशवीची किमान जाडी सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन व डिसेंबर २०२२ अखेरपासून १२० मायक्रॉन केली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या ठराविक वस्तू बंद केल्या. त्या यादीत मिठाईच्या खोक्याभोवतीचे प्लास्टिकचे आवरण आहे. म्हणजे सुरतेच्या घारीचे खोके आता उघडे जाते, आणि शेजारच्या दुकानातील साडी प्लास्टिकातच जाते. तिच्या वेष्टनाची जबाबदारी २०२२ च्याच दुसऱ्या नियमांनी उत्पादकावर सोपविलेली आहे. घारीने तरी कोणाचे काय केले होते, असे विनोदाने म्हणावेसे वाटते.

ह्या सर्व नियमांत आम्हांस २०१८ च्या महाराष्ट्राच्या अधिसूचनेतील एक कलम विशेष लक्षणीय वाटले. दुधाच्या पिशवीवर पन्नास पैसे परतीचे मूल्य छापावे आणि रिकामी पिशवी आणून देणाऱ्यास ते द्यावे, अशी त्यात योजना होती. बाटल्यांसाठीही असेच मूल्य सांगितले होते. ह्या योजनेची घडी नीट बसली नाही. वस्तुतः महाराष्ट्रास ती नवी नव्हती. १९४९ मध्ये आरे येथे स्थापन झालेल्या दुग्धवसाहतीचे दूध मुंबईकरांस काचेच्या बाटल्यांतून मिळे. सकाळी केंद्रावर रिकामी बाटली दिल्यावर भरलेली मिळे. तेथे जाहिरात करावी लागली नाही, व्याख्याने द्यावी लागली नाहीत. रिकाम्या बाटलीवाचून दूध मिळत नसे, आणि एवढी एकच गोष्ट पुरेशी होती. जर्मनीने २००३ पासून एकदाच वापरावयाच्या पेयपात्रांवर पंचवीस सेंटची अनामत बसविली आहे. आपल्याकडे निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून बाटलीमागे दहा रुपये जास्त घेऊन परतीच्या वेळी ते देण्याची पद्धत न्यायालयाच्या आदेशाने सुरू झाली, आणि बहुसंख्य बाटल्या परत येऊ लागल्या. त्या बाटल्या मद्याच्या होत्या, हे मुख्याध्यापकाने सांगावे की नाही ह्याचा आम्ही क्षणभर विचार केला. परंतु ज्या डोंगरात आजवर त्यांच्या काचा हत्तींच्या पायांत जात, तेथून त्या दहा रुपयांसाठी वेचल्या जातात, हे सांगितलेच पाहिजे.

म्हणून आमचे मत असे आहे की वेष्टनाचा पदार्थ हा दुय्यम प्रश्न असून परतीची वाट हा मुख्य प्रश्न आहे. जोपर्यंत बारदानास किंमत होती आणि ते परत येण्यास माणूस, गाडी किंवा रिकामा बैल होता, तोपर्यंत त्याचा कचरा झाला नाही. किंमत शून्यावर आली आणि तेव्हाच ते गटारात दिसू लागले. केवळ जुने म्हणून जुन्याचे गोडवे गाण्याचा आमचा उद्देश नाही. वर्तमानपत्राच्या कागदात भजी बांधून देण्याची सर्वांस आवडणारी रीत शाईतील घातक द्रव्यांमुळे आरोग्यास अपायकारक आहे, असा इशारा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये दिला. तेलाचे डबे खाद्यतेलासाठी पुन्हा वापरण्यास बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. नुसता पदार्थ बदलून भागत नाही, ह्याचा पुरावा डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मिळतो. त्याच्या हिशेबाप्रमाणे सुती पिशवी केवळ हवामानावरील परिणामाच्या दृष्टीने प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीस येण्यास निदान ५२ वेळा वापरली गेली पाहिजे. पाण्यापासून ओझोनपर्यंतचे सर्व परिणाम धरले तर हा आकडा हजारांवर जातो. लग्नात वाटलेली आणि कपाटात पडून राहिलेली छापील कापडी पिशवी ही पर्यावरणाची सेवा नव्हे. ती आठवड्याच्या बाजारास वर्षभर गेली तर मात्र ५२ सहज भरतात.

सुरतेच्या व्यापाऱ्यास परतीच्या वाटेसाठी डेन्मार्ककडे पाहण्याचे कारण नाही. ती त्याच्याच दाराशी आहे. शहराच्या आत, बाजारापासून नवागाम-लिंबायतच्या घरांपर्यंत आणि परत, साडी प्लास्टिकात जात नाही. ती 'पोटल्या'त जाते. मोठ्या चौकोनी कापडात साड्या ठेवून चार टोकांची गाठ मारलेले हे गाठोडे सायकलीवर, दुचाकीवर, टेम्पोत दिवसभर इकडून तिकडे फिरताना दिसते. लेस लावणाऱ्या बाईकडे ते भरून येते, भरून परत जाते, तेच कापड दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी येते. त्याचा मालक ठरलेला असतो. हरवले तर त्याची विचारणा होते. पेशवे दप्तरातील रुमाल आणि वंजाऱ्याची गोण ह्यांची ही सुरतेतील जिवंत भावंडे होत. शेवटची घडी पडून साडी शहराबाहेर जावयास निघाली की तिच्यावर पारदर्शक वेष्टन चढते, आणि त्या क्षणापासून त्या वेष्टनास मालक राहत नाही.

तेव्हा ज्यांना आपल्या व्यापारात सुधारणा करावयाची आहे त्यांनी प्रथम हे पाहावे की माल कोठवर जातो आणि तेथून काय परत येते. ठोक व्यापाऱ्याकडे जाणाऱ्या मालास एकेका साडीमागे वेष्टन देण्यापेक्षा दहा-वीस साड्यांस मिळून एक कापडी बांधणी पुरेल. नमुना पाहण्यास एक साडी वर ठेवावी. ह्या बांधणीची रक्कम पट्टीत वेगळी लिहावी आणि कापड परत आले की वजा करावी. ट्रक रिकामे परत येत नाहीत. ते दुसरा माल घेऊन सुरतेस येतातच. किरकोळ गिऱ्हाइकाच्या हाती जाणाऱ्या साडीस कागदाचे खोके किंवा पिशवी द्यावयाची असेल तर ती अशी असावी की घरी तिचा उपयोग होईल. नवसारी कृषी विद्यापीठाने केळीच्या खोडापासून धागा आणि कागद काढण्याचे प्रयोग केलेले आहेत, आणि खानदेशात केळीच्या खोडांस तोटा नाही. त्या वाटेने कोणास जावयाचे असेल तर कच्चा माल गावाकडेच आहे.

एक गोष्ट मात्र ह्या चर्चांत कोणी काढीत नाही, म्हणून आम्ही काढतो. साडीस घडी घालून ती प्लास्टिकात सरकविण्यास काही क्षण लागतात. कापडी बांधणी करण्यास, खोके उभे करण्यास, पिशवी शिवण्यास अधिक वेळ लागतो. हे काम करणाऱ्या स्त्रिया रोजाने नव्हे, नगावर पैसे घेतात. वेष्टन बदलले आणि नगाचा दर तोच राहिला, तर पर्यावरणाच्या रक्षणाचा खर्च नवागामच्या ओसरीवर बसलेल्या त्या बाईच्या मजुरीतून निघेल, आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत होणार नाही. आमच्या शाळेतील अनेक मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च ह्याच नगांतून येतो. जुन्या पट्टीत बारदानाची एक स्वतंत्र ओळ असे, तशी ती पुन्हा लिहिली जावी, आणि त्या ओळीत कापडाच्या किमतीबरोबर बांधणाऱ्या हाताची मजुरीही वेगळी दाखवावी. नवा दर आधी ठरवावा, त्यानंतर वेष्टन बदलावे.